अकोल्याचा पियानो आणि तिचा कान

तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. आम्ही दोघा नवराबायकोनं सोबत केलेलं शेवटचं काम ते. दिवस कलला होता. अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीत आमचं घर, घरापुढच्या ओट्यावर पोतं अंथरलेलं. मी शेंगा सोलायचो आणि ती दाण्यांतले किडके काढून टाकायची. समोरच्या विहिरीच्या गिरकीवर, म्हणजे कप्पीवर, कोणी पाणी ओढत होतं. मान वर न करता ती म्हणाली, "गिरकी आज उतरली. कालच्यापरीस खाली बोलून राहिली. तेल द्या म्हणा तिले."

मी म्हणालो, "तुले दाणे पाहाले बसवलं का गिरकी?"

"दाणे डोयानं पाहून राहिली मी. कान तर रिकामाच आहे."

मग स्वैपाक, जेवण, झोप. दुसऱ्या दिवशी ती नव्हती. ते शेवटी लिहितो. पण कशासाठी लिहितो ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा खोळंबा नको. अकोल्याच्या क्लबात एक पियानो होता. त्याच्यावर एका मोठ्या माणसानं वाजवलेलं तबकडीवर निघालं. त्या तबकडीच्या वेष्टनावर पियानो लावणारा म्हणून माझं नाव छापलेलं आहे. ते नाव तिचं पाहिजे होतं. मी खाल्लं ते. खाल्लं म्हणजे खाल्लं, त्याला दुसरा शब्द मला येत नाही.

मी पेट्या दुरुस्त करणारा. शाळा चौथीपर्यंत. अमरावतीतच एका उस्तादाच्या दुकानात भाता शिवण्यापासून सूर लावण्यापर्यंत सगळं शिकलो. पेटीच्या आत पितळेच्या बारीक पट्ट्या असतात, त्यांनाच आम्ही सूर म्हणतो. टोकाकडून खरवडलं की सूर चढतो, बुडाकडून खरवडलं की उतरतो. गाणाऱ्याचा सा कोणता ते विचारायचं आणि त्या सा ला धरून बाकीचे सूर बसवायचे. दोन सूर एका वेळी दाबले की आवाजात लाटा उठतात, पाळणा हलावा तशा. लाट आहे तोवर सूर खोटा. लाट बसली, दोन्ही आवाज एकमेकांत मुरले, की खरा. उस्तादानं मला तेवढंच शिकवलं आणि तेवढ्यावर माझं पोट चाललं. छप्पन साली आमच्या वस्तीनं धम्म घेतला, मग गाणाऱ्या मंडळ्या वाढल्या आणि मला काम पुरेना. रेडिओवर पेटीला बंदी होती, आमच्या गल्लीत नव्हती.

ती लग्नाआधी कापसाच्या जिनात कामाला होती. सरकी काढायच्या यंत्रांची ओळच्या ओळ तिथं धडधडत असे. एखाद्या यंत्राचा पट्टा सैल पडला की मिस्त्रीच्या आधी हिला कळे, नुसत्या आवाजावरून. हे मला लग्नानंतर लय दिवसांनी समजलं. मी विचारलं नव्हतं, तिनं सांगितलं नव्हतं.

अकोल्याला कापसाच्या बड्या लोकांचा एक क्लब होता. साहेब लोक गेले, पियानो मागे राहिला. त्या क्लबानं मुंबईहून एक पियानोवाला आणून ठेवला. गोव्याचा माणूस, साठीला टेकलेला, काळासावळा, पांढरी पँट आणि तिच्यावर पट्ट्याऐवजी नाडा. सगळे त्याला मास्तर म्हणत. मुंबईचा पियानो लावणारा अकोल्यापर्यंत यायला राजी होईना. तेव्हा क्लबातलं कोणी म्हणालं, सूरच लावायचे ना, मग पेटीवाला बोलवा. माझ्याकडे माणूस आला. मी हो म्हटलं. पियानो उभ्या जन्मात उघडून पाहिला नव्हता, तरी हो म्हटलं.

अमरावतीहून बडनेरा, बडनेऱ्याहून अकोला. ती सोबत आली, कारण तिची बहीण अकोल्यात होती. क्लबात मी मागच्या दारानं गेलो. पियानोचं झाकण काढलं आणि पाहातच राहिलो. आत लोखंडाचा सांगाडा, त्याच्यावर तारांचं रान. एकेका सुराला तीन तीन तारा, प्रत्येक तारेला खुंटी. लोहाराकडून खुंटीच्या मापाची किल्ली करून घेतली, एका वेळी एकच तार बोलावी म्हणून नमद्याचे, जाड लोकरी कापडाचे, तुकडे तारांत खुपसले आणि कामाला लागलो. तीन दिवस. सा धरला आणि उस्तादानं शिकवलं तसे सगळे सूर त्या सा शी असे मिळवले की एक लाट शिल्लक ठेवली नाही.

चौथ्या दिवशी मास्तर येऊन बसले. दोन्ही हातांनी पहिल्यांदा सूर दाबले आणि डोळेच मिटले. म्हणाले, "अरे बाबा. एवढं गोड पियानो मी कुठं ऐकलं नाय."

माझी छाती फुगली. मग त्यांनी हात उचलून दुसरीकडे ठेवले. दुसरा सा धरला म्हणा ना. पियानो जो ओरडला, क्लबाच्या व्हरांड्यात झोपलेलं कुत्रं उठून भुंकायला लागलं. मास्तरांनी तिसरीकडे हात ठेवले, तिकडे त्याहून वाईट. क्लबाचे सेक्रेटरी धावत आले. "काय केलं रे याचं? मोडला का?"

मास्तर हसत होते. डोळ्याला पाणी येईस्तोवर हसले. म्हणाले, "पेटीवाला, तुमने घर में एक कमरा महल बना दिया, बाकी सब गोठा!"

मग समजावून सांगितलं. गाणारा एका सा वर रात्र काढतो. पियानोवाल्याला एका गाण्यात चार घरं, म्हणजे चार सा, बदलावी लागतात, जॅझमध्ये तर दर घटकेला. म्हणून पियानोत एकही सूर पुरता खरा ठेवायचा नसतो. खोटेपणा बारा सुरांत सारखा वाटून द्यायचा. पंचम केसभर उतरता ठेवायचा, गांधार चांगला चढा ठेवायचा, आणि लाटा मोजायच्या. इथं इतक्या, तिथं इतक्या. कमी नाही, जास्त नाही.

मला ते जमेना. समजत होतं, पण हात ऐकत नव्हता. लाट दिसली की माझी किल्ली आपोआप तिला मिटवायला जाई. पंचवीस वर्षं ज्याला खोटं म्हटलं ते आता मुद्दाम, मोजून मापून, करायचं होतं. दोन दिवस घाम गाळला. मास्तर माझ्या खांद्याशी उभे राहून म्हणत, "नाय, नाय, परत तू प्रामाणिक झाला."

तिसऱ्या दिवशी दुपारी ती माझी भाकर घेऊन आली आणि मागच्या व्हरांड्यात, वाळ्याच्या ताटीच्या आडोशाला बसली. मी खुंटी फिरवत होतो. ताटीच्या पलीकडून तिचा आवाज आला, "तुमी पुढं गेले. मघाशी चांगलं व्हतं. थोडं मागं या."

मास्तरांनी मान वळवली. "कोण बोललं?"

मी म्हणालो, "बायको आहे माझी. भाकर घेऊन आली."

"तिला विचार, किती मागं."

ती ताटीआडूनच म्हणाली, "मास्तर सांगून राहिले तसं हलते आहे का नाही ते पाहा ना. हे जलद हलते. सावकाश हललं पाहिजे. अजून सैल. अजून जरासं. बस. आता हात लावू नका."

मास्तरांनी दोन सूर दाबले, कान टेकवला, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. लाटा मोजल्या. मग स्वतः उठून ताटी बाजूला केली आणि तिला म्हणाले, "बाई, आत या."

सेक्रेटरी म्हणाले बायकांना आत परवानगी नाही, त्यातून ही. पुढचं ते बोलले नाहीत, पण आम्हाला कळायचं ते कळलं. मास्तर म्हणाले, "ठीक. मग आजपासून तुमी वाजवा." सेक्रेटरी निघून गेले. ती आत आली. खुर्चीवर बसेना, पियानोच्या पायाशी जमिनीवर बसली, लाकडाला पाठ लावून. तिथून तिनं सगळा पियानो लावून घेतला. मी खुंटी फिरवणार, ती सांगणार. वर. वर. बस. खाली. बस. ती मोजत नव्हती. मास्तरांनी विचारलं, कसं समजते? म्हणाली, "जिनात दहा यंत्रं चालत. सगळी एकच बोलायची नाहीत, पण एकमेकींना सांभाळून बोलायची. हे तसंच आहे." मास्तरांनी छातीवर क्रूस काढला.

त्या संध्याकाळी आम्हा दोघांसाठी त्यांनी वाजवलं. क्लबात दुसरं कोणी नव्हतं. मी आयुष्यभर गाणं ऐकलं होतं, पण हे काय होतं ते मला सांगता यायचं नाही. डावा हात एका चालीनं चालत होता, ओझं घेऊन घाट चढणाऱ्या माणसासारखा, न थांबता. उजवा हात त्याच्या अंगावर उड्या मारत होता, पुढे पळत होता, मुद्दाम मागे राहत होता. वाटायचं, आता चुकला, आता ताल सुटला. आणि ऐन वेळी दोन्ही हात अशा जागी भेटत की माझ्या तोंडून हाय निघे. एकच चाल चार वेळा वाजवली, चारही वेळा वेगळी. मी विचारलं, यातली खरी कोणती? म्हणाले, "जी अजून वाजवली नाय ती."

मी टाळी धरायला गेलो तर मास्तर म्हणाले, "पहिल्या मात्रेवर नको, दुसऱ्या आणि चौथ्यावर धर." माझा हात दर वेळी पहिल्यावरच पडे. तिनं मात्र दोन आवर्तनांत धरली. पदर तोंडाला लावून हसत होती आणि टाळी बरोबर उलट्या जागी पडत होती. घरी जाताना म्हणाली, "हा माणूस चालता चालता पडते, अन् पडता पडता चालते. पाह्यलं का तुमी?" मी पाहिलं होतं. पण असं म्हणता मला आलं नसतं.

पुढची वर्षं दर दोन महिन्यांनी आमचं अकोल्याला जाणं झालं. मास्तर काम झाल्यावर वाजवत आणि मधे मधे आपली कथा सांगत. लहानपणी गावच्या इगर्जीत, म्हणजे चर्चात, बाजा वाजवत. मुंबईत आले ते मुक्या सिनेमाच्या पडद्याखाली पियानो वाजवायला. पडद्यावर घोडा पळाला की हात पळवायचे, बाई रडली की हात रडवायचे. सिनेमा बोलायला लागला आणि यांची भाकरी गेली. मग जहाजावर. रंगून, कोलंबो, परत मुंबई. जहाजावरच एका काळ्या अमेरिकन माणसाला पियानो वाजवताना ऐकलं आणि पहिलं शिकलेलं सगळं विसरायला एक वर्ष घेतलं, असं म्हणत. मग मोठ्या हॉटेलांत बँड. मग मुंबईत दारूबंदी आली आणि हॉटेलांतले बँड बसले.

त्यांच्या रेकॉर्डी किती, तर लय. आणि त्यांच्या म्हणाव्यात अशा किती, तर एकही नाही. लढाईच्या आधी बँडच्या निघाल्या, त्यांच्यावर नाव बँडच्या मालकाचं, तो कर्णा वाजवणारा. मग सिनेमाची गाणी. आपण सगळे गुणगुणतो अशा गाण्यांत त्यांचा पियानो आहे, कुठं नाव नाही. त्यांनी एक जुनी तबकडी क्लबाच्या फोनोवर आम्हाला ऐकवली. सगळी कर्ण्याची, ढोलाची. मधेच कर्णा दम घ्यायला थांबतो आणि तेवढ्यात पियानो आठ मात्रांची बारी घेऊन जातो. अंधाऱ्या घरात कोणी खिडकी उघडून लगेच लावून घ्यावी तसं. मी म्हणालो, एवढंच? मास्तर म्हणाले, "एवढंच. पण ते आठ मात्रे ऐकायला लोक पूर्ण रेकॉर्ड लावत."

ती म्हणाली, "मग तुमची सोताची कावून नाई काढत?"

मास्तरांनी हात पुढे केले. बोटांची पेरं सुजलेली, करंगळी वाकलेली. मुंबईच्या दमट हवेत बोटं धरतात, म्हणाले, अकोल्याच्या उन्हाळ्यात तेवढी सुटतात. म्हणूनच इथं टिकलो. अजून दोन उन्हाळे चालतील, कदाचित एकच.

त्याच वैशाखात त्यांची स्वतःची तबकडी काढायचं ठरलं. मास्तरांच्या बँडमधला एक जुना सोबती मुंबईत ध्वनिमुद्रणाच्या कामाला होता. तो नागपूरला जाता जाता दोन दिवस अकोल्याला उतरणार होता, टेपचं यंत्र घेऊन.

आम्ही तीन दिवस आधी गेलो. पियानो लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर हलला. परत लावला, परत हलला. ती खोलीभर फिरली आणि वाळ्याच्या ताटीपाशी थांबली. नोकर दिवसभर ताटीवर पाणी मारत, ओला वारा सरळ पियानोवर येई, लाकूड पिई आणि तारा सरकत. तिनं ताट्या काढायला लावल्या. नोकर म्हणाला, "मावशी, माणसं मरतील उकाड्यानं." ती म्हणाली, "दोन दिवसात कोनी मरत नाई."

टेपवाला आला आणि म्हणाला, पंखा बंद, त्याचा आवाज येतो. दारं बंद, रस्त्याचा आवाज येतो. अकोल्याचा वैशाख, ताटी नाही, पंखा नाही, दारं लावलेली. मास्तर बनियनवर बसले, डोक्यावर ओला टॉवेल. आम्ही दोघं भिंतीशी. प्रत्येक चाल झाली की टेपवाला हात वर करी, ती उठून पियानोशी जाई, मास्तर सूर दाबत आणि ती बोटानं खुंटी दाखवी. ही. आता ही. मी किल्ली फिरवी. उकाड्यानं तारा ढिल्या पडत होत्या, ती त्यांना मागे येऊ देत नव्हती.

पहिला दिवस वाया गेला. बोटं सुटली नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी, बाहेर पाखरूही उडत नव्हतं तेव्हा, मास्तरांनी टॉवेल काढून टाकला आणि सुरू केलं. तीन चाली एकामागे एक झाल्या. चौथी सुरू करण्याआधी ते बराच वेळ पियानोकडे पाहत राहिले. मग एकच सूर दाबला आणि तो पूर्ण विरेपर्यंत थांबले. मग दुसरा. सावकाश. ना चाल होती, ना ताल. मला वाटलं विसरले. मग त्या सुरांतून हळूहळू डावा हात उठला, चालायला लागला, आणि मला काय झालं ते मी आजही सांगू शकत नाही. एवढंच सांगतो की मी पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस, भिंतीला टेकून उभा होतो, आणि खाली कधी बसलो ते कळलं नाही. जे सूर मी स्वतः किल्लीनं चढवले उतरवले, ज्यांत जाणून खोटेपणा भरला, त्याच सुरांतून हा माणूस खरं काढत होता. उस्ताद असते तर मी त्यांना बोट धरून आणलं असतं. ती डोळे मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरून घाम ओघळत होता आणि ती तो पुसत नव्हती, हात हलला तर आवाज होईल म्हणून.

संपलं. टेपवाल्यानं यंत्र थांबवलं. मास्तर हात मांडीवर ठेवून म्हणाले, "बस. आता हे घेऊन जा."

मग टेपवाल्यानं वही काढली. कोण वाजवलं, कुठं वाजवलं, सगळं लिहिलं. मास्तर म्हणाले, "पियानो कोणी लावला ते पण लिही. छापायचं." टेपवाल्यानं पेन्सिल वर केली. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग परत माझ्याकडे. त्यांनी तिचं नाव घेतलं नाही. ते मला बोलायची जागा देत होते, त्यांच्या कर्णेवाल्यानं त्यांना दिली होती तशी. ती माठातून पाण्याचा गिलास भरत होती.

मी माझं नाव सांगितलं.

कावून? मी हजार वेळा स्वतःला विचारलं. दुकान माझं, किल्ली माझी, उस्ताद माझा. वऱ्हाडात लोक म्हणतील काय, बायको सांगते आणि हा खुंट्या पिळतो. अर्ध्या श्वासात मी हे सगळं पाहिलं आणि नाव सांगून मोकळा झालो. मास्तरांनी पाण्याचा गिलास घेतला आणि पिऊन टाकला.

तबकडी पावसाळ्यानंतर टपालानं आली. छोटी, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची, वेष्टनावर मास्तरांचा फोटो. मागच्या बाजूला खाली, बारीक इंग्रजी अक्षरांत माझं नाव. गल्लीतल्या मास्तरीणबाईंकडून तिनं वाचून घेतलं. मग माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तुमचं नाव बरं दिसते छापलेलं." टोमणा नव्हता. मी तिचा टोमणा ओळखतो. खरंच तसं म्हणाली. टोमणा असता तर बरं झालं असतं.

त्या तबकडीनं मला मोठं केलं. खांडवा, नागपूर, भुसावळ, जिथं जिथं पियानो होते तिथून पत्रं आली. शाळा, चर्च, रेल्वेचे क्लब. मी जाई आणि ती सोबत येई. लोक विचारत, "मिस्त्री, बाईले कावून आणता संगं?" मी म्हणे, "घरी एकटी भिते." ती पियानोच्या पायाशी बसून, पदराआडून हळू बोले. वर. बस. लोकांना वाटे, म्हातारी पुटपुटते.

एकदा परतताना बडनेऱ्याच्या फलाटावर म्हणाली, "मी भिते?"

"म्हणायचं म्हणून म्हणलं."

"जिनात एकदा पट्टा तुटून अंगावर आला तरी भेली नाई मी. दुसरं कायी तरी सांगत जा."

मी म्हणालो, "काय सांगू?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "खरं सांगितलं एखाद्या डाव तर काय होईन?"

"सांगीन."

"कवा?"

"सांगीन म्हणलं ना."

गाडी आली. विषय तिथंच राहिला. परत तिनं काढला नाही. मास्तर त्यानंतर दोन उन्हाळे वाजवू शकले, मग बोटं मिटली आणि ते भावाकडे गोव्याला गेले. दर नाताळात त्यांचं कार्ड येई, हिंदीत, कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. वर माझं नाव, आणि खाली शेवटच्या ओळीत, "कान को मेरा सलाम." मी ते तिला वाचून दाखवी. चार वर्षांखाली कार्ड आलं नाही. मग समजलं, मास्तर गेले.

आता ती गेली ते. त्या शेंगांच्या रात्रीनंतर पहाटे मी उठलो, चूल पेटलेली नव्हती. हाक मारली. अंगाला हात लावला. त्यापुढे काय लिहू. शेजारच्या बाया आल्या, मग गल्ली आली. लग्न होऊन अकोल्याला गेलेली आमची मुलगी तिकडून निघाली होती, ती येईस्तोवर थांबायचं होतं. अंगणात माणसं बसली. मी ओट्यावर. थंडीचे दिवस, ऊन उशिरा आलं.

तेव्हा सिस्टरांच्या शाळेचा शिपाई सायकलवरून आला. नाताळाचा कार्यक्रम तोंडावर होता, तिथला पियानो त्याच आठवड्यात लावायचा होता. त्याला घरात काय झालं ते माहीत नव्हतं. गर्दी पाहून बिचकला, तरी निरोप सांगून टाकला. "मिस्त्री, सिस्टर विचारून राहिल्या, कधी येता म्हणून."

कोणी तरी त्याला गप्प केलं. "अरे, त्यायची मालकीण गेली. जाय तू आता."

शिपाई म्हणाला, "माफ करा, मिस्त्री. चार-आठ दिवसांनी या मग. तुमीच लावता, दुसरं कोण आहे?"

मी म्हणालो, "म्या नाई लावत."

"म्हणजे?"

"पियानो ते लावत होती. आत निजली आहे ते. म्या फक्त किल्ली फिरवत होतो. तिनं सांगितलं वर की वर, खाली की खाली. अकोल्याचा बी तिनंच लावला. त्या तबकडीवर नाव छापलं ते चुकीचं आहे. ते माझ्यामुळं चुकीचं आहे."

गल्लीतला एक जण म्हणाला, "दादा, आता कशाले हे. बसा तुमी." त्यांना वाटलं दुःखानं बरळतो आहे. आतल्या बायांचं रडणं थांबलं होतं. शिपाई सायकल धरून उभा. म्हणाला, "सिस्टरले काय सांगू पण? असं सांगितलं तर म्हणतीन म्याच कायी तरी ऐकून आलो."

मी घरात गेलो. तिच्या उशाशी बसून मुलीच्या जुन्या वहीचं पान फाडलं. मला लिहायला वेळ लागतो, त्या दिवशी जास्तच लागला. बाहेर माणसं थांबली होती, थांबू दिली. लिहिलं की आपल्या शाळेचा पियानो आजवर जिनं लावला ती आज पहाटे वारली, आता मला येता येणार नाही, दुसरा कारागीर पाहावा. खाली माझी सही करणार होतो, केली नाही. तिचं नाव लिहिलं. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, तिन्ही, जसं मतदारांच्या यादीत लिहितात तसं. नावाच्या पुढे काय लिहावं ते सुचेना. मग लिहिलं, पियानो कारागीर, अमरावती. बाहेर येऊन शिपायाला मोठ्यानं वाचून दाखवलं, अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि त्याच्या हातात दिलं.